एकाच परसात बॅन्टम कोंबड्या आणि बदकं

पहिल्या वर्षी मी सहा कोंबड्या आणि चार बदकं एकाच खुराड्यात कोंडली होती. जागा भरपूर होती, जाळी नवी होती. सकाळी दार उघडलं तर बदकांनी पाण्याचं भांडं रिकामं करून तुसाचा चिखल केलेला, आणि कोंबड्या दांडीवर एकमेकींना चिकटून, खाली पाय टाकायला तयार नाहीत. आठवड्याभरात खुराड्यातून डोळ्यांना झोंबणारा वास यायला लागला, पंधरवड्यात दोन कोंबड्यांची नाकं वाहायला लागली. दोष बदकांचा नव्हता. कोंबडी ओलीने मरते आणि बदक पाण्यावाचून झुरतं, एवढी साधी गोष्ट मी ध्यानात घेतली नव्हती.

आमचं घर दक्षिण कोकणात. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ओल हा विषय चार महिने चुकत नाही. तरी गेली काही वर्षं दोन्ही पक्षी एकाच परसात सुखाने आहेत, कारण पाणी कुठे असेल आणि कुठे नसेल हे आधी ठरवलं आणि बाकी सगळं त्याभोवती बसवलं. घाटावर किंवा विदर्भात राहणाऱ्यांनी पावसाच्या गोष्टी थोड्या हलक्या घ्याव्यात आणि उन्हाच्या जड.

आधी पक्षी ठरवा

बॅन्टम म्हणजे बुटकी कोंबडी. नाव जावा बेटावरच्या बांतेन बंदरावरून पडलं. वजन साधारण अर्धा ते एक किलो, अंडं पंचवीस ते पस्तीस ग्रॅमचं, म्हणजे गावठीच्या अंड्याहूनही लहान. वर्षाला साठ ते शंभराच्या आसपास अंडी देते आणि मधूनमधून खुडूक होते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. अंड्यांचा हिशोब मांडणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये. छोट्या जागेत मावते, खाते निम्मं आणि रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसायला कधी नाही म्हणत नाही, या तीन गुणांसाठी ती पाळायची. बदकाची अंडी उबवायची असतील तर तिसरा गुण सोन्यासारखा आहे.

आपल्याकडे विक्रेते यांना सरसकट ‘फॅन्सी कोंबडी’ म्हणतात. घेताना दोन गोष्टी बघा. पहिली, पिसं. सिल्कीची पिसं लोकरीसारखी असतात, त्यांवरून पाणी ओघळत नाही, आत मुरतं. पायांवर पिसं असलेल्या कोचीन बॅन्टमचे पाय चिखलात लडबडतात, आणि त्या ओल्या पिसांखाली खरूज करणारे किडे कधी शिरले ते कळत नाही. कोकणात हे पक्षी ठेवायचे तर जून ते सप्टेंबर छपराखाली, कोरड्या तुसावरच. दुसरी गोष्ट, पाय. जपानी बॅन्टमचे पाय इतके आखूड असतात की पोट जमिनीला लागेलसं वाटतं. हा आखूडपणा ज्या जनुकामुळे येतो तो आईकडून आणि बापाकडून असा दुहेरी आला, तर पिल्लू अंड्यातच मरतं. आखूड पायांची जोडी लावली की सरासरी चारातलं एक फलित अंडं असं वाया जातं. लोक रवणीला दोष देतात. आखूड पायांच्या कोंबड्याबरोबर त्याच जातीतली जरा उंच पायांची कोंबडी ठेवली की ही मर टळते.

फॅन्सीचा सोस नसेल तर आपली गावठी घ्या. अंगाने लहान, काटक, घारीची सावली ओळखणारी. खाली कोंबडीबद्दल जे सांगितलंय ते तिलाही लागू आहे.

बदकांत अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल. चांगली निगा राखली तर वर्षाला अडीचशेच्या पुढे अंडी देते, प्रत्येक अंडं साठ-सत्तर ग्रॅमचं. ती रवणीला मात्र बसत नाही. इंडियन रनर बाटलीसारखं ताठ उभं चालतं, पळण्यात पटाईत आणि घाबरट. व्हाइट पेकिन मांसासाठी. शेजार जवळ असेल तर मस्कोव्ही घ्या. हे बदक क्वॅक करत नाही, नुसतं फुसफुसतं, आणि मादी स्वतः अंड्यांवर बसते.

सुरुवातीला पाच-सहा कोंबड्या, एक कोंबडा, तीन माद्या आणि एक नर बदक पुरे. नर बदक दोन ठेवू नका. माद्या कमी पडल्या की तो कोंबड्यांच्या मागे लागतो, आणि त्याच्या समागमाने कोंबडीला आतून जखम होते. बॅन्टमसारखा लहान जीव त्यात मरूही शकतो. असा चाळा दिसला की त्याच दिवशी नराचं कुंपण वेगळं करायचं, आठवडा वाट बघायची नाही. बदकांत नर ओळखायचा तर शेपटीवर वर वळलेलं पीस आणि घोगरा, बसलेला आवाज. मोठ्याने ओरडते ती मादी. मस्कोव्हीला या खुणा चालत नाहीत, तिथे अंगाच्या आकारावरून नर कळतो; तो मादीच्या जवळजवळ दुप्पट असतो.

पक्षी शक्यतो शासनाच्या अंडी उबवणी केंद्रातून किंवा ज्याचं खुराडं तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय अशा माणसाकडून घ्या. आठवडी बाजारातून आणलेला पक्षी कितीही तरतरीत दिसला तरी महिनाभर वेगळा ठेवायचा, त्याचं भांडं वेगळं आणि त्याचं काम सगळ्यांत शेवटी. एका मे महिन्यात मी एक देखणा कोंबडा बाजारातून आणून थेट कळपात सोडला. आठव्या दिवशी त्याने मान वाकडी केली, आणि पुढच्या दहा दिवसांत अकरांपैकी नऊ पक्षी मी पुरले.

शहरात किंवा सोसायटीत राहत असाल तर पालिकेचा नियम आधी विचारा आणि कोंबडा ठेवूच नका. अंडी कोंबड्याशिवायही मिळतात. बॅन्टम कोंबड्याचा आवाज त्याच्या अंगाच्या मानाने फार तीक्ष्ण असतो आणि पहाटे चारला सुरू होतो.

खुराडी दोन, अंगण एक

कोंबड्यांचं खुराडं जमिनीपासून दोन ते अडीच फूट उंच, खांबांवर. सात बॅन्टमना चार बाय तीन फूट रात्रीपुरतं पुरतं. बदकांचं घर जमिनीवरच, पण आजूबाजूपेक्षा अर्धा फूट उंच जोत्यावर. चार बदकांना चार बाय चार फूट. बदक शिडी चढत नाही, दांडीवर बसत नाही. त्याला उतार असलेली रुंद फळी आणि मऊ पेंढा लागतो. फरशीवर किंवा खडबडीत सिमेंटवर ठेवलं तर तळव्यांना गाठी येऊन लंगडतं.

दोन्ही घरांची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत शिरत नाही. छपराखाली चारही बाजूंनी वीतभर उघडी जाळी हवी. पाऊस येईल म्हणून लोक सगळं बंद करतात आणि आत विष्ठेचा अमोनिया कोंडतो. कोंबडीची सर्दी पावसापेक्षा त्यानेच जास्त होते. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो, म्हणून त्या दोन बाजूंना चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झडी बांधतो आणि उरलेल्या दोन उघड्या ठेवतो. छपराला कौलं उत्तम. पत्रा असेल तर वर चुन्याचा हात द्या आणि उन्हाळ्यात गवत पसरा.

जाळीत पैसे वाचवू नका. बाजारात स्वस्त मिळते ती षट्कोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंच चौकोनाची वेल्डिंग केलेली जाळी घ्या. मुंगूस, उदमांजर आणि मोठा साप तिच्यातून येत नाही. खालची जाळी फूटभर बाहेरच्या अंगाला वळवून मातीत गाडा, म्हणजे उकरणाऱ्याला ती आडवी येते. कडी साधी नको, स्प्रिंगचा हूक किंवा कुलूप. दिवेलागणीला दार लावायचं हे घरातल्या एका माणसाचं काम असलं पाहिजे. दोघांचं असलं की एके दिवशी कोणाचंच नसतं.

कोंबड्यांची दांडी दीड-दोन इंच रुंद, वरून चपटी. अंडी घालायला फूटभर लांबी-रुंदीच्या पेट्या, चार कोंबड्यांना एक, दांडीपेक्षा खाली. वर असल्या तर कोंबड्या त्यांतच झोपतात आणि घाण करतात. बॅन्टम चांगली उडते. सहा फुटी कुंपण ओलांडून आंब्यावर झोपायला जाईल. एकाच पंखाची लांब पिसं कात्रीने आखूड केली की तोल जातो आणि ती उडायचं सोडते. पीस झडून नवं आलं की परत कापावं लागतं.

पाण्याची जागा

कोंबड्यांचं पाणी त्यांच्या पाठीच्या उंचीवर टांगलेलं, झाकलेलं, छपराखाली. बदकांचं पाणी खुराड्यापासून दहा-पंधरा फूट लांब, उताराच्या बाजूला. बदकाला पोहायचं तळं नसलं तरी चालतं, पण डोकं नाकपुड्यांसकट बुडेल एवढं खोल भांडं लागतंच. पाच-सहा इंच खोल घमेलं पुरतं. ते मिळालं नाही तर डोळे चिकटतात, नाकपुड्या बुजतात.

घमेलं मातीवर ठेवू नका. तीन फूट लांब-रुंद, फूटभर खोल खड्डा करून त्यात मोठे दगड, वर खडी, वर जाड जाळी किंवा फळ्यांची चौकट आणि तिच्यावर घमेलं. बदकं कितीही उधळली तरी पाणी खाली झिरपतं. खड्ड्यातून एक पाट काढून केळी, अळू किंवा माडाच्या आळ्यात सोडा. आमच्या अळवाची पानं तेव्हापासून सुपाएवढी होतात. पाणी दिवसातून दोनदा बदला. जुनं पाणी साचू दिलं की डास होतात, आणि कोंबड्यांना देवीचा रोग डासच देतात.

रात्री बदकांच्या घरात पाणी ठेवायचं की नाही यावर मतं आहेत. माझं ठरलेलं आहे: मोठ्या बदकांना रात्री पाणी नाही, पण मग दाणाही नाही. कोरडं खाणं समोर असून पाणी नसलं तर बदक गुदमरतं. पहाटे दार उघडताच पहिलं पाणी, मग खाणं. पिल्लांना मात्र पाणी चोवीस तास हवं.

पहिले चार आठवडे

एक दिवसाची पिल्लं आणणार असाल तर ऊब देण्याची जागा आदल्या दिवशीच तापवून ठेवा. पुठ्ठ्याचा गोल कठडा करा. चौकोनी खोक्यात पिल्लं कोपऱ्यात रचली जातात आणि खालची चिरडतात. खाली दोन इंच कोरडं तूस, पहिले तीन दिवस त्यावर गोणपाट. वर्तमानपत्र घालू नका, त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच राहतात.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पस्तीस अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. जुना पिवळा बल्ब असेल तर पिल्लामागे दोन वॅट धरतात. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब येत नाही. नवखी माणसं इथेच फसतात आणि सकाळी गारठलेली पिल्लं उचलतात. पिवळे बल्ब आता सहज मिळत नाहीत, तेव्हा पिल्लांसाठी मिळणारा सिरॅमिकचा हीटर आणा. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीच नको, तिचा धूर पिल्लांनाही मारतो आणि माणसांनाही. तापमापक नसला तर पिल्लांकडे बघा. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी, चोच उघडून कडेला पांगली तर उकाडा, सगळी एकाच अंगाला सरकली तर दुसरीकडून वारा लागतोय.

कोंबडीची पिल्लं आणि बदकाची पिल्लं वेगळ्या कठड्यांत. बदकाचं पिल्लू तासाभरात सगळं ओलं करतं, आणि त्या ओलीत कोंबडीच्या पिल्लाला रक्ती हगवण धरते. बदकाच्या पिल्लांचं भांडं असं हवं की चोच बुडेल पण अंग आत जाणार नाही. उथळ ताटलीत गोट्या किंवा खडे टाकले तरी भागतं. वाढ झपाट्याने होते, कोकणातल्या हवेत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ऊब बंद करता येते.

खायला पहिले आठ आठवडे वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं पिल्लांचं तयार खाद्य. नुसती तांदळाची कणी घालून वाढवलेली बदकाची पिल्लं पंधरा दिवसांत पाय वाकडे करून बसतात, कारण त्यांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागतं. पशुवैद्यकीय दुकानात मिळणारं बी-कॉम्प्लेक्स बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पाण्यातून द्या. रक्ती हगवणीचं औषध मिसळलेलं कोंबडीचं खाद्य बदकाला घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. त्यातली काही औषधं बदकाला सोसत नाहीत.

रोजचं खाणं

मोठी बॅन्टम दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम खाते, गावठी शंभराच्या आत-बाहेर, बदक दीडशे ग्रॅमपर्यंत. मोकळं चरायला मिळालं तर यातला बराच भाग बाहेरच भागतो. सकाळी सोडायचं, संध्याकाळी कोंडण्याआधी मूठमूठ दाणा टाकायचा आणि रोज एकच हाक मारायची. संध्याकाळचा दाणा चुकवला की पक्षी घरी यायला कुरकुरतात.

आमचं मिश्रण असं: निम्मी मका आणि कणी, पाव भाग भाताचा कोंडा, उरलेल्यात सोयाबीनची पेंड आणि सुकट. अंड्यांवर असलेल्या पक्ष्यांना वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. तिसऱ्या या खाण्याच्या शिंपल्यांची कवचं भाजून कुटली की झालं. मिश्रणात घालू नका, ज्याला लागेल तो वाटीतून उचलतो. खारवलेले मासे टाळा. जास्त मिठाने कोंबड्या मरतात. सुकटही धुऊन वाळवलेली बरी.

बुरशीबद्दल मात्र जरा थांबतो. पावसाळ्यात पोत्याच्या तळाशी जाळं धरलेली शेंगदाणा पेंड ‘जनावराला काय होतंय’ म्हणून घातली जाते. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभराहून अधिक टर्की आणि बदकाची पिल्लं अशाच बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने मेली, आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन या विषाचं नाव जगाला कळलं. पाळीव पक्ष्यांत बदक या विषाला सगळ्यांत हळवं. म्हणून जूनपासून पेंड आणि मका आठ दिवसांपुरतीच आणा, पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, डबा फळीवर. बुरशीचा वास आला की धुवून, वाळवून उपयोग नाही. विष तसंच राहतं. खड्ड्यात पुरा.

बदकाला कोरडा भरडा घशात अडकतो, त्यामुळे पाणी शिंपडून मुठीत गोळा होईल इतपत ओला करायचा. तासा-दोन तासांत उरलेला उचलायचा, आंबू द्यायचा नाही. त्या ताटलीवर कोंबड्या आल्या तर येऊ द्या. दिवसा अंगणात दोघांनी मिसळायला हरकत नाही.

बदकांना वाफ्यात सोडायचं ते भाजी हातभर झाल्यावर. कोवळी मेथी, लाल माठ ती साफ करतात. गोगलगायी मात्र शोधून खातात. ज्या बागेत गोगलगायींसाठी विषारी गोळ्या टाकल्या आहेत तिथे बदक सोडू नका.

तुसाची गादी

खुराड्यात चार इंच जाडीचं कोरडं तूस किंवा लाकडाचा भुसा. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं, ओला झालेला भाग काढून टाकायचा. मुठीत दाबलं की तूस गोळा होत असेल तर ओल जास्त, उघडल्यावर सुटत असेल तर ठीक. बदकांच्या घरात पेंढा रोज वरून थोडा घालायचा आणि पंधरवड्याने सगळा काढायचा. हे खत थेट झाडाला देऊ नका, मुळं करपतात. दोन-तीन महिने कुजवून मग माडाला द्या.

एका कोपऱ्यात छपराखाली राख आणि बारीक मातीचा खड्डा ठेवा. कोंबडी त्यात लोळून पिसवा झाडते. पावसात बाहेर कुठे कोरडी माती उरत नाही, म्हणून हा खड्डा जूनच्या आधी भरून ठेवायचा.

उन्हाळ्याचं थोडक्यात. पारा चाळिशीच्या वर गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. दुपारी खाणं देऊ नका, पहाटे आणि संध्याकाळीच द्या. पाणी सावलीत, मातीच्या भांड्यात. जाळीला ओलं गोणपाट बांधा. बदकं आपली आपण घमेल्यात बसून निभावतात.

लसी आणि आजार

मानमोडी म्हणजे राणीखेत, कोंबड्यांचा जीवघेणा रोग. औषध नाही, लसच आहे. साधारण वेळापत्रक असं: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा ही मानमोडीची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवीची, आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही मानमोडीचीच दुसरी लस, टोचून. तुमच्या भागात काय लागतं ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. अडचण अशी की लसीची कुपी सहसा शंभर किंवा जास्त पक्ष्यांची असते, फोडली की तास-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. त्यामुळे वाडीतल्या आठ-दहा घरांनी एक संध्याकाळ ठरवावी. आम्ही थर्मास घेऊन एका टोकापासून सुरू करतो. शेजारच्यांच्या कोंबड्या लसीविना राहिल्या तर तुमच्या कळपाचा धोका तसाच राहतो, त्यामुळे हा शेजारधर्म स्वार्थाचाही आहे. आजारी पक्ष्याला लस देऊ नये.

बदकांना मानमोडी सहसा दिसत नाही, पण ती रोग बाळगू शकतात. त्यांचा स्वतःचा मोठा रोग डक प्लेग. त्याची लस आठ आठवड्यांनंतर देतात.

तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसलं तर ती रक्ती हगवण. अँप्रोलियम पाण्यातून देतात, पण ओलं तूस बदललं नाही तर औषध नुसतं पैसे खातं. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खाऊ नका. जंतांचं औषध वर्षातून तीन-चारदा, त्यातलं एक पावसाच्या तोंडावर.

बर्ड फ्लूचा भारतातला पहिला उद्रेक २००६ साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीच्या मुरुंब्यात पुन्हा. परसात बदक असेल तर हे विशेष लक्षात ठेवा, कारण बदक लक्षण न दाखवता विषाणू सोडत राहू शकतं. ज्या ओढ्यात, तळ्यात रानबदकं आणि बगळे उतरतात तिथे आपली बदकं पाठवू नका. घमेलं बरं ते म्हणूनही. एका-दोन दिवसांत बरेच पक्षी पटापट मेले तर कापून वाटू नका, हात लावू नका, दवाखान्यात कळवा. मेलेला पक्षी कुठल्याही कारणाने मेलेला असो, ओढ्यात टाकायचा नाही. खोल खड्डा, वर चुना, वर दगड.

रवण

कोंबडी पेटीतून उठेना, हात लावला की फुलून गुरगुरायला लागली, पोटाखालची पिसं उपटायला लागली की ती खुडूक झाली. अंडी नको असतील तर तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, खालून वारा लागला की तिचं अंग उतरतं.

पिल्लं हवी असतील तर अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात पाटीत माती, वर राख, वर पेंढा. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली, फ्रीजमध्ये न गेलेली. बॅन्टमखाली स्वतःची सात-आठ किंवा बदकाची चार-पाच मावतात, गावठीखाली दहा-बारा. बाहेर डोकावणारं अंडं रोज वेगळं असतं, म्हणून जास्त घातली तर सगळीच आळीपाळीने गार होतात. माझी आजी प्रत्येक अंड्यावर कोळशाने रेघ ओढायची, दुसऱ्या कोंबडीने मध्येच घातलेलं अंडं कळावं म्हणून. मीही ओढतो. विजांनी अंडी बिघडू नयेत म्हणून ती पाटीत लोखंडाचा खिळाही ठेवायची. तो मी ठेवत नाही, पण कोणी ठेवला तर काढतही नाही.

सातव्या रात्री अंड्याखाली मोबाईलची बॅटरी धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर धरलंय. अगदी स्वच्छ पिवळं दिसलं तर काढून टाका, नाहीतर ते कुजून फुटतं आणि बाकीची नासवतं. कोंबडी दिवसातून एकदा उठून खायला, पाणी प्यायला आणि हगायला जाते. दोन दिवस उठली नाही तर हलकेच उचलून बाहेर ठेवा.

कोंबडीच्या अंड्यांना एकवीस दिवस, बदकाच्या अठ्ठावीस, मस्कोव्हीच्या पस्तीस. कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवली तर तिला आठवडाभर जास्त बसावं लागतं, म्हणून आधीच दहा दिवस बसलेली कोंबडी यासाठी घेऊ नका. दोन्ही अंडी एका पाटीत मिसळू नका; एकविसाव्या दिवशी आपली पिल्लं घेऊन ती उठते आणि बदकाची अर्धवट राहतात. बदकाच्या अंड्याला ओलावा जास्त लागतो. आई पोहून ओल्या पिसांनी येते, त्यातून तो मिळतो. कोंबडी कोरडीच येणार, तेव्हा दुसऱ्या आठवड्यापासून ती खायला उठली की अंड्यांवर कोमट पाण्याचा हात रोज शिंपडा. शेवटच्या तीन दिवसांत मात्र अंडी हलवू नका. पिल्लू चोच बाहेर काढून दिवसभर तसंच पडून राहील, कवच सोलायचा मोह आवरा. आत रक्त अजून शोषलं जात असतं.

कोंबडीने काढलेल्या बदकाच्या पिल्लांना पहिले तीन-चार आठवडे खोल पाण्यात जाऊ देऊ नका. आई बदक असती तर तिच्या पिसांचं तेल त्यांच्या लवेला लागलं असतं. इथे ते नाही, लव भिजते आणि पिल्लू गारठतं. उथळ ताटली, तीही उन्हाच्या वेळेला. पुढे एके दिवशी ती घमेल्यात शिरतातच, आणि आई काठावर पंख पसरून सगळं परसू डोक्यावर घेते. आमची काळी बॅन्टम तेव्हा दिवसभर ओरडत फिरली होती, संध्याकाळी आवाज बसला होता. तिसऱ्या दिवसापासून ती घमेल्याच्या कडेला खडीवर बसून पिसं साफ करत पिल्लांची वाट बघायला लागली.